टॅरंटुला खात नाही, उलटा पडलाय, पाय आत घेतोय: आधी काय बघायचं आणि कुठे थांबायचं

"दादा, मेला वाटतं." रात्री साडेअकराला असा मेसेज येतो, सोबत हललेला, अंधारातला एक फोटो. मी विचारतो, "हात लावलास का?" दहातल्या सात जणांनी लावलेला असतो.

मी लालबागला राहतो. माझ्याकडे सध्या नऊ टॅरंटुला आहेत. मराठीत याला कोळीच म्हणायचं, पण आमच्या भागात "घरी नऊ कोळी आहेत" म्हटलं की समोरच्याला वाटतं ससून डॉकवरून पाहुणे आलेत. म्हणून इथे टॅरंटुलाच म्हणतो. मी डॉक्टर नाही. पण तीच ती बिघाडं स्वतःच्या डब्यांत आणि मित्रांच्या डब्यांत इतक्यांदा निस्तरली आहेत की आता क्रम पाठ झालाय. तो क्रम इथे देतोय. आधी फुकटातल्या गोष्टी, मग थोड्या खटपटीच्या, आणि शेवटी ज्यात आपण हात घालायचा नाही त्या.

लक्षणं

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे खाणं सोडलं. रातकिडा समोरून चालत गेला तरी ढिम्म. त्यानंतर "उलटा पडलाय". तिसरी, पाय पोटाखाली मुठीसारखे मिटलेत. चौथी, काचेला चिकटून बसतो, मातीवर उतरतच नाही. पाचवी, पोट सुरकुतलंय किंवा लहान झालंय. सहावी जरा भीतीदायक: झटके देत, दारू प्यायल्यासारखा चालतो. सातवी, कुठून तरी पाणी गळतंय. आणि आठवी, जी फार थोड्यांच्या लक्षात येते: तोंडाशी पांढरट, चिकट काहीतरी साचलंय.

पहिल्या दोन तक्रारींत बहुतेक वेळा आजार नसतोच. तिसरी, चौथी आणि पाचवी साधारणपणे आपण केलेली असते आणि आपणच सुधारू शकतो. सहावीपासून पुढे प्रकरण गंभीर.

सुरुवात: हात न लावता, तो कसा पडलाय ते बघा

पाठीवर पडून पाय वर केलेला टॅरंटुला मेलेला नसतो, तो कात टाकत असतो. मरणारा टॅरंटुला शक्यतो पोटावरच, सरळ बसलेला असतो आणि पाय खाली आत वळलेले असतात. आपण झुरळं उलटी मेलेली बघत मोठे झालो, त्यामुळे आपल्या डोक्यात उलटा म्हणजे मेला हे पक्कं बसलंय. इथे तो हिशोब उलटा धरायचा.

हे मला शिकायला एक जीव द्यावा लागला. माझी पहिली टॅरंटुला, अंगठ्याएवढी, कर्ली हेअर जातीची, एका रात्री उलटी दिसली. मी चमच्याने हळूच सरळ केली. भल्यासाठीच. तेव्हा तिचं जुनं कवच पाठीवरून नुकतंच उघडायला लागलं होतं आणि आतले नवे पाय लोण्यासारखे मऊ होते. ते वाकडेच वाळले. तिसऱ्या दिवशी गेली.

म्हणून उलटा दिसला तर एवढंच करायचं: डब्यात जिवंत खाद्य असेल तर लांब चिमट्याने काढून घ्या. कात टाकणाऱ्या मऊ टॅरंटुलाला रातकिडा कुरतडून मारू शकतो. बाकी पाणी फवारू नका, डबा हलवू नका, टॉर्च मारून दर पाच मिनिटांनी बघू नका, फुंकर तर नकोच. पिल्लांचं काम अर्ध्या तासात उरकतं, मोठ्या मादीला कित्येक तास लागतात. तासाला एक फोटो काढून ठेवा. दोन फोटोंत फरक दिसत असेल तर सगळं ठीक चाललंय.

नंतर तो कुशीवर पडून पाय ताणतो, आळोखेपिळोखे दिल्यासारखा. तेही नॉर्मल. सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही. मऊ सुळ्यांनी चावायला गेला तर ते दुखावतात, आणि पुढची कात येईपर्यंत त्याला नीट खाता येत नाही. पिल्लाला चार-पाच दिवस, मोठ्याला दहा-पंधरा दिवस थांबा. पाणी मात्र लगेच हवं.

मग वही उघडा

वही नसेल तर आजपासून सुरू करा, दूधवाल्याच्या कॅलेंडरवर खूण केली तरी चालेल. शेवटचं कधी खाल्लं आणि शेवटची कात कधी, एवढ्या दोनच तारखा लागतात. "खूप दिवस झाले खात नाही" असं सांगणाऱ्या एका मुलाच्या फोनमधले फोटो चाळले तेव्हा कळलं की अकराच दिवस झाले होते. मोठी रेड नी मादी महिनोन्‌महिने उपाशी बसते आणि तिला काही होत नाही. या जातीच्या माद्या वीस वर्षांहून जास्त जगतात, त्यांना आपल्यासारखी जेवणाची घाई नसते.

उपास काळजीचा आहे की नाही हे दिवस मोजून ठरत नाही, पोट बघून ठरतं. पुढचा कडक भाग, ज्यावर डोळे आणि पाय असतात, तो आणि मागचं मऊ पोट यांची तुलना करा. पोट पुढच्या भागाएवढं किंवा थोडं मोठं आणि तुकतुकीत असेल तर उपास चालू द्या. अमेरिकेकडच्या जातींना पोटावर टक्कल पडतं, कारण त्या पायाने तिथले खाजरे केस उडवतात. ते टक्कल फिकट असेल तर कात लांब आहे. काळपट, चकचकीत झालं तर आत नवे केस तयार झालेत आणि कात जवळ आहे. आशिया-आफ्रिकेकडच्या जातींना हे केसच नसतात. तिथे रंग मळका होणं, बिळाचं तोंड बंद करणं, जाळ्याचा गालिचा घालणं या खुणा बघायच्या.

एक अपवाद. नर वयात आल्यावर त्याच्या तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखी फुगतात, आणि पुष्कळ जातींत पुढच्या पायांना आकडे येतात. असा नर खात नाही, रात्रभर डब्यात फेऱ्या मारतो, वाळत जातो. तो आजारी नाही, त्याचं आयुष्य संपत आलंय. बहुतेक नर या शेवटच्या कातीनंतर वर्ष-दीड वर्षात जातात. यावर औषध शोधत फिरू नका. पाण्याची वाटी भरलेली ठेवा.

पाणी

पाय पोटाखाली मिटत असतील तर सगळं सोडून आधी हे बघा.

कारण समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. टॅरंटुलाच्या पायाच्या मुख्य सांध्यांत पाय मिटायला स्नायू असतात, पण उघडायला नसतात. पाय उघडतो तो आतल्या द्रवाच्या दाबाने. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीचा हात आठवा: तेल गळालं की हात खाली येतो. इथे अंगातलं पाणी कमी झालं की दाब पडतो आणि पाय आपोआप आत ओढले जातात. म्हणून मिटलेले पाय हा आजार नसून दाब पडल्याची खूण आहे, आणि दाब पडायचं सगळ्यात सामान्य कारण तहान.

मुंबईत लोक इथे हटकून चुकतात. "दादा, बाहेर एवढा दमटपणा आहे, पाणी कशाला?" हवेतला दमटपणा प्यायला येत नाही. शिवाय ज्या खोलीत डबा असतो तिथेच रात्रभर एसी चालू असतो, आणि एसी हवेतलं पाणी बाहेरच्या नळीवाटे शेजाऱ्याच्या ग्रिलवर टाकत असतो. पिल्लांच्या डब्यात बाटलीचं झाकण आणि मोठ्यांच्या डब्यात पसरट वाटी कायम भरलेली हवी. त्यात स्पंज, कापूस काही घालू नका. त्यात घाण साचते आणि जंतू वाढतात. बुडेल ही भीतीही नको, उथळ पाण्यात टॅरंटुला बुडत नाही.

पाय मिटलेला असेल आणि अजून थोडी हालचाल असेल तर उथळ झाकणात पाणी घ्या आणि त्याचा पुढचा भाग असा टेकवा की तोंड, म्हणजे सुळ्यांच्या मागची जागा, पाण्याला लागेल. पोट बाहेर, कोरडं राहिलं पाहिजे. श्वास घ्यायची चारही छिद्रं पोटाच्या खालच्या बाजूला असतात. तासाभरात पाय थोडे सैल झाले तर तुम्ही वेळेवर आलात. रात्रभर तसंच शांत, अंधारात ठेवा. ओल्या टिश्यूच्या डबीत कोंडायची एक जुनी पद्धत आहे. ती मी सोडून दिली. दमट डबीत कोंडून तहान भागत नाही, प्यायल्याने भागते.

पाय पोटाखाली मिटणं आणि पाय वर, अंगावर ओढून घेणं यांत गल्लत करू नका. दुसऱ्यात तो गुडघे डोक्यावर घेऊन बसलेल्या माणसासारखा दिसतो. ते त्रासाचं लक्षण आहे, मरणाचं नाही. माझी रेड नी, रखमा, दर गणपतीत दहा दिवस अशीच बसते. डोळ्यांनी तिला धड दिसत नाही, पण पायावरच्या केसांना जमिनीची थरथर बरोबर कळते, आणि आमच्याकडे त्या दिवसांत ढोल-ताशाने खिडकीच्या काचासुद्धा वाजतात. हल्ली मी तिचा डबा भिंतीपासून काढून जुन्या उशीवर ठेवतो. गेल्या वर्षी फरक पडला.

ओल आणि कोंडलेली हवा

हे मुंबईचं खास दुखणं, आणि जून ते ऑक्टोबर मला येणाऱ्या मेसेजांचा मोठा वाटा याचाच. पुस्तकी सल्ला असतो, "दमटपणा सत्तर टक्के ठेवा, रोज फवारा मारा." तो सल्ला थंड देशात हीटर लावून राहणाऱ्यांसाठी असतो. जुलैत आपल्याकडे चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात. त्यात आणखी फवारा मारला तर डबा म्हणजे दलदल.

वास घ्या. हीच तपासणी. झाकण उघडल्यावर पावसानंतरच्या बागेसारखा वास आला तर ठीक. गटारासारखा किंवा कुबट आला तर माती बदला. टॅरंटुला दिवसचे दिवस काचेवर चढून बसत असेल तर बहुतेक वेळा तो माती टाळतोय. मेक्सिकोच्या कोरड्या भागातली रेड नी आपल्या पावसाळ्यात कोरड्या मातीवर, भरलेल्या वाटीसोबत उत्तम राहते. ज्या जातींना ओल लागते त्यांनाही डब्याचा एक कोपरा ओला पुरतो, बाकी भाग कोरडा हवा. झाडावर राहणाऱ्या पिंक टो जाती तर कोंडलेल्या हवेत बघता बघता मरतात. त्यांना समोरासमोरच्या दोन भिंतींत भोकं हवीत, नुसती झाकणाला नव्हेत. सोल्डरिंगची कांडी गरम करून प्लास्टिकच्या डब्याला पाच मिनिटांत भोकं पडतात. गॅलरीत करा, आणि टॅरंटुला आत असताना करू नका. हे सांगावं लागतंय, कारण एकाने केलं होतं.

मातीसाठी साधी कोकोपीटची वीट पुरते. नर्सरीतून आणत असाल तर खत मिसळलेली नाही ना हे विचारा.

ओलीसोबत किडे येतात. उड्या मारणारे पांढुरके ठिपके दिसले तर ते स्प्रिंगटेल. ते बुरशी खातात, त्यांना राहू द्या. हळू सरकणारे, मोहरीहून लहान, उरलेल्या खाद्यावर घोळक्याने बसलेले ठिपके म्हणजे माइट. ते मुख्यतः सडक्यावर जगतात, पण फार वाढले तर टॅरंटुलाच्या सांध्यांवर आणि तोंडाशी चढतात. उपाय एकच, खाद्याचे अवशेष काढणं आणि सगळं कोरडं करणं. माती फेका, डबा गरम पाण्याने धुवा, साबण वापरलात तर शेवटचा कण जाईपर्यंत खळबळा, आणि टॅरंटुलाला काही दिवस कोरड्या टिश्यूवर पाण्याच्या वाटीसह ठेवा. माइट मारायचं औषध वापरायचा विचारही करू नका. माइट हा कोळ्याचाच चुलतभाऊ, जे त्याला मारेल ते यालाही मारेल.

उष्णतेचं पटकन सांगून टाकतो: मुंबईत हीट मॅट किंवा दिवा लागत नाही, डिसेंबरातही नाही. आणि काचेचा डबा खिडकीच्या उन्हात ठेवला तर आतला प्राणी भाजतो.

उंची आणि जाळी

फूटपट्टी घ्या. जमिनीवर राहणाऱ्या टॅरंटुलाच्या डब्यात मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. सहा इंच पसाऱ्याच्या मादीला नऊ इंच पुरे. दुकानदार उंच फिश टँक खपवतात, कारण तो सुंदर दिसतो. या जड प्राण्याचं पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं असतं. एक फुटावरून पडला तर ते फुटू शकतं. उपाय डबा बदलणं नव्हे, माती वाढवणं. तारेची जाळी असलेलं झाकण मात्र बदलाच. तिच्यात पायाची नखं अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय तुटतो.

घरात काय फवारलं, ते विचारा

आता खटपटीची आणि थोडी अवघडलेली तपासणी, कारण यात घरच्यांची उलटतपासणी घ्यावी लागते.

झटके, थरथर, पाय एकमेकांत अडकणं, मागे मागे चालणं, आपल्याच अंगाला चावायला जाणं. छंदातले लोक याला डीकेएस (डिस्कायनेटिक सिंड्रोम, म्हणजे हालचालींवरचा ताबा सुटणं) म्हणतात. हे एका रोगाचं नाव नाही, लक्षणांच्या गठ्ठ्याला दिलेलं नाव आहे. कारण नेहमी सापडतंच असं नाही, पण मी पाहिलेल्या प्रत्येक वेळी आदल्या आठवड्यात घरात कीटकनाशक आलं होतं. आणि मुंबईच्या घरात ते कुठून येत नाही? डासांचं लिक्विडचं मशीन, कॉइल, झुरळांचा खडू, मुंग्यांची पावडर, कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध, पावसाळ्यात गल्लीत होणारी धूरफवारणी. टॅरंटुला कीटक नाही, आठ पायांचा आहे, पण ही औषधं त्याच्या मज्जातंतूंवरही काम करतात.

आमच्या सोसायटीत एकदा पेस्ट कंट्रोल झालं. नोटीस लिफ्टजवळ होती, मी जिन्याने जातो. संध्याकाळी घरी आलो तर शेल्फमागच्या भिंतीवर ओल दिसली आणि वास. दोन डबे खालच्या फळीवर होते. त्यातला एक चौथ्या दिवशी झटके द्यायला लागला. आईचा चेहरा उतरला, तिनेच त्या माणसाला आत घेतलं होतं. तिची काय चूक? मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

यावर उतारा नाही, हे स्पष्ट सांगतो. करता येतं ते एवढंच: डबा त्या घरातून बाहेर, दुसऱ्या मित्राकडे किंवा फवारणी न झालेल्या जागी न्या. नवी माती, धुतलेला डबा, ताजं पाणी, अंधार, शांतता. काही जण पुढच्या कातीपर्यंत तगतात आणि सुधारतात. आमचा तो नाही तगला.

खाद्यही यातच येतं. घरातलं किंवा गटारातलं झुरळ पकडून देऊ नका. ते शेजाऱ्याच्या ओट्याखालचं विषारी जेल चाटून आलेलं असू शकतं. मीलवर्म, सुपरवर्म या अळ्या क्रॉफर्ड मार्केटच्या पक्षी-प्राण्यांच्या दुकानांत विचारून मिळतात, डुबिया झुरळं छंदातल्या लोकांकडून मिळतात. थोडी घरीच वाढवा. घरच्यांना ती "पाळलेली झुरळं" आहेत हे समजावणं ही तुमची जबाबदारी.

गळती

टॅरंटुलाचं रक्त लाल नसतं. त्यात लोहाऐवजी तांबं असतं, त्यामुळे ते पारदर्शक, किंचित निळसर दिसतं, आणि लोक त्याला पाणी समजून दुर्लक्ष करतात. दाबाचं गणित आठवा. रक्त गळालं की पायांचा दाबही जातो.

पायाच्या टोकातून गळत असेल तर किराणा दुकानातलं कॉर्नफ्लोअर बारीक ब्रशने जखमेवर दाबा. पुन्हा पुन्हा टाका. थांबलं की हात काढा, वाळलेली पपडी सोलू नका. पाय मुळापासून तुटला असेल तर घाबरायचं कारण कमी आहे. तिथला सांधा आकसून बंद होतो आणि पुढच्या एक-दोन कातींत नवा पाय येतो, आधी काडीसारखा बारीक, मग पुरता. रखमाचा डावा तिसरा पाय असाच आलेला आहे.

पोटावरची जखम वेगळी. कॉर्नफ्लोअर लावा, पण श्वासाच्या छिद्रांवर नको, आणि लगेच डॉक्टर शोधायला लागा. फेव्हिक्विकसारखा गोंद लावणारे लोक आहेत, काहींना यशही आलंय. मी स्वतः पोटावर तो लावणार नाही, कारण माझा हात कापतो आणि गोंद कुठे वाहील सांगता येत नाही.

अडकलेली कात

एखाद्या पायावर जुनी कात मोज्यासारखी राहिली आणि टॅरंटुला बाकी ठीक आहे, तर सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे थांबणं. लगेच ओढायला गेलात तर आतला मऊ पाय सोबत येतो. कात टाकतानाच अडकला असेल, बरेच तास काहीच पुढे सरकत नसेल, तर बारीक रंगाच्या ब्रशने कोमट पाण्याचा एकेक थेंब फक्त अडकलेल्या सांध्याला लावा. पोटाच्या खालच्या बाजूला पाणी जाऊ देऊ नका. पाठीवरचं झाकणच उघडलं नसेल किंवा तोंडाचा भाग अडकला असेल तर हे घरगुती काम नाही. इथे थांबा.

तोंडाशी पांढरं

काचेच्या भिंतीवर चढलेला असताना खालून फोनचा टॉर्च मारा आणि भिंग धरा. सुळ्यांच्या मध्ये पांढरट, दह्यासारखा थर, घाण वास, खाद्य पकडायला जातो पण खाता येत नाही, पायाच्या टोकांवर उचलल्यासारखा चालतो. हे सूत्रकृमी असू शकतात, दोऱ्यासारखे सूक्ष्म किडे. टॅरंटुला मारणाऱ्या अशाच एका जातीचं वर्णन 2022 साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं, तिचं नाव टॅरंटोबेलस जेफडॅनियल्सी. भरवशाचा इलाज नाही, आणि हे किडे एका डब्यातून दुसऱ्यात जातात.

तो डबा तत्काळ वेगळ्या खोलीत. त्याचा चिमटा, ब्रश, वाटी वेगळी. बाकी सगळ्यांचं करून झाल्यावर शेवटी त्याचं करायचं आणि हात धुवायचे. त्याने टाकलेलं खाद्य दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि डॉक्टर, कारण हे सूत्रकृमीच आहेत की कातीआधीची नुसती लाळ, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. बरा होणार नाही असं निघालं तर त्याला शांतपणे सोडवण्याचा निर्णयही त्यांच्याबरोबरच घ्या, घरगुती प्रयोग करू नका.

थांबा आणि डॉक्टर गाठा

पोट फुटलंय. कवच किंवा तोंडाचा भाग कातीत अडकलाय. तोंडाशी पांढरा थर आहे. पाणी पाजून दिवस गेला तरी पाय मिटलेलेच. शेपटीकडचा भाग बाहेर लोंबतोय किंवा विष्ठेची जागा बुजलीय. यांपैकी काहीही असेल तर फोन उचला. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला हे जमेल असं नाही, म्हणून "एक्झॉटिक प्राणी बघता का, कोळी बघता का" हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आमच्यापासून जवळ आहे म्हणून पूर्वी मी थेट पिशवी घेऊन निघायच्या बेतात होतो. आता कुठेही जायचं तर आधी फोन.

तुमच्या स्वतःसाठीही एक डॉक्टर. डब्यात काम करताना उडालेला खाजरा केस डोळ्यात गेला तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. त्या केसांना काटे असतात, ते आत रुततात. आणि आशियाई जातीने, विशेषतः आपल्याकडच्या झाडावरच्या पोइसिलोथेरियाने चावा घेतला तर स्नायूंत जबर गोळे येतात. घरी हळद लावून बसायचं नाही, हॉस्पिटलला जायचं.

कागदांबद्दल दोन वाक्यं, कारण भीतीने लोक डॉक्टरकडे जायचं टाळतात. रेड नी, कर्ली हेअर आणि पोइसिलोथेरिया हे साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि 2022 च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर यातल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. ती करून ठेवा आणि पावतीचा फोटो फोनमध्ये असू द्या. सह्याद्रीत फिरताना बिळातून उचलून आणलेला टॅरंटुला घेऊन मात्र माझ्याकडे सल्ल्याला येऊ नका. त्याला एकच सल्ला आहे, आणि तो तुम्हाला ठाऊक आहे.

डॉक्टरकडे जाताना वहीच्या दोन तारखा, डब्याचा एक पूर्ण फोटो, गेल्या पंधरा दिवसांत घरात काय फवारलं त्याची यादी, आणि सापडली तर शेवटची कात एका पिशवीत घ्या. कातीच्या आतल्या बाजूवरून अनुभवी माणूस नर की मादी ते सांगतो. प्रवासाला लहान डबी वापरा, मोठा टँक नाही. आत किंचित ओलसर टिश्यू सैल चुरगळून भरा, म्हणजे गचके बसले तरी तो आपटणार नाही. झाकणाला भोकं, वर कापड. गर्दीच्या वेळची लोकल टाळा, टॅक्सी करा. डबी डिकीत ठेवू नका, मांडीवर धरा. आणि आत काय आहे हे ड्रायव्हरला सांगायचंच असेल तर उतरल्यावर सांगा.